गल्ली कुठे जाते?

घराच्या जाहिरातीत ‘शांत निवासी परिसर’ हे शब्द हमखास असतात. खरेदीखतात ते कधीच नसतात. खरेदीखतात चतुःसीमा असते, चटईक्षेत्र असते, पार्किंगची जागा असते, मिळकतीवर कोणाचा बोजा नसल्याची हमी असते. शांततेबद्दल त्यात अवाक्षर नसते. तरीही विकणाऱ्याने ती किमतीत धरलेली असते आणि घेणाऱ्याने तिच्यासाठी चार पैसे जास्त मोजायची तयारी ठेवलेली असते. सगळ्या व्यवहारात ही एकच गोष्ट अशी, की जी विकणाऱ्याच्या मालकीची नव्हती आणि घेणाऱ्याच्या मालकीची होणारही नाही. ती घराची नसून रस्त्याची असते, आणि रस्ता दोघांचाही नसतो. म्हणूनच शांत गल्लीत घर घेताना गल्ली आज शांत आहे की नाही एवढे पाहून भागत नाही. ती कशामुळे शांत आहे हे शोधावे लागते. या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर ‘इथे वस्ती कमी आहे’ असे असते. ते बरेचसे चुकीचे आहे. गल्लीची शांतता तिच्यात किती माणसे राहतात यावर जितकी ठरते, त्याहून पुष्कळ जास्त ती गल्ली कुठे जाते यावर ठरते.

या म्हणण्याला सगळ्यात जुना आणि ठळक आधार सॅन फ्रान्सिस्कोमधला आहे. डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड या नगररचनाकाराने तिथले जवळजवळचे तीन निवासी रस्ते अभ्यासासाठी निवडले. एकावरून दिवसाला सुमारे २,००० वाहने जात, दुसऱ्यावरून ८,००० आणि तिसऱ्यावरून १६,०००. बाकी घरांची ठेवण बरीचशी सारखी. कमी वर्दळीच्या रस्त्यावर माणसाला सरासरी तीन मित्र त्याच रस्त्यावर होते. जास्त वर्दळीच्या रस्त्यावर एकसुद्धा पुरता नव्हता, सरासरी ०.९. ‘तुमचे घर कुठपर्यंत’ असे विचारून नकाशावर रेघ काढायला सांगितली तेव्हा पहिल्या रस्त्यावरच्या लोकांनी समोरची बाजूही आपल्यात घेतली आणि तिसऱ्या रस्त्यावरचे आपल्या दाराच्या आत आले. १९७२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि १९८१ मध्ये त्यांचा पुढे विस्तार होऊन पुस्तक निघाले. यावर एक रास्त शंका घेता येते: वर्दळ वाढल्यावर मुलेबाळे असलेली कुटुंबे तिथून निघून गेली असतील आणि मैत्री कमी दिसण्याचे खरे कारण ते स्थलांतर असेल. शंका खरी आहे, पण ती मुद्दा खोडून काढत नाही. रस्त्याने आधी माणसे बदलली आणि मग मैत्री बदलली, एवढाच तिचा अर्थ. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. दिवसाला १६,००० वाहने ही त्या रस्त्यावर राहणाऱ्यांची असणे शक्यच नव्हते. ती दुसरीकडून येऊन तिसरीकडे जाणाऱ्यांची होती.

वाहतुकीचे असे दोन प्रकार कायम वेगळे धरायला हवेत: गल्लीत येणारी वाहने आणि गल्लीतून जाणारी वाहने. येणाऱ्याला घर जवळ आलेले असते, त्यामुळे तो वेग कमी करतो. वळणावर शेजाऱ्याचे मूल असू शकते हे त्याला ठाऊक असते. जाणाऱ्याने मुख्य रस्त्यावरचा सिग्नल चुकवण्यासाठीच ही वाट धरलेली असते, त्यामुळे वेग आणि हॉर्न हे त्याच्या येण्यातच अभिप्रेत असतात. येणाऱ्यांची संख्या घरांच्या संख्येने बांधलेली असते. जाणाऱ्यांच्या संख्येला गल्लीत कुठेच मर्यादा नसते. ती शहराच्या गर्दीवर ठरते.

नगररचनेच्या इतिहासात हा भेद बराच आधी ओळखला गेला. रेमंड अनविन याने लंडनजवळ हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब आखले तेव्हा एका टोकाला बंद असणारे रस्ते तिथल्या नियमांत बसत नव्हते; त्यासाठी १९०६ मध्ये संसदेकडून खास कायदा करून घ्यावा लागला. मोटारी तेव्हा फार नव्हत्या. हेतू कमी खर्चाचे, लहान, घरगुती रस्ते हा होता. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी रॅडबर्न ही वसाहत उभारली, ती मात्र मोटारीला समोर ठेवूनच. गाड्यांसाठी बंद टोकाच्या गल्ल्या आणि माणसांसाठी हिरवळीतून जाणाऱ्या स्वतंत्र पायवाटा अशी तिची रचना. पुढे १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये कॉलिन ब्युकॅनन याच्या अहवालाने हेच तत्त्व साऱ्या शहराला लावून दाखवले: घरात खोल्या वेगळ्या आणि त्यांना जोडणारी वाट वेगळी, तसे शहरातही राहण्याचे भाग आणि वाहतुकीचे मार्ग निराळे असावेत.

पुण्यात हा भेद पाहायला डेक्कन जिमखाना आणि एरंडवण्याचा परिसर उत्तम आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ मध्ये स्थापन झाली, विधी महाविद्यालय १९२४ मध्ये, प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून १९३३ मध्ये इकडे आली; या संस्था आल्या तेव्हा हे सारे गावाबाहेरचे होते. संस्थांची नावे रस्त्यांना मिळाली आणि त्यांच्या दोन्ही अंगांना बंगल्यांच्या वसाहती झाल्या. आज हे उपनगर शहराच्या मध्यात आले आहे. प्रभात रस्त्याला फुटणाऱ्या, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांवर अजूनही झाडे आहेत, पण प्रभात रस्ता स्वतः कर्वे रस्ता आणि विधी महाविद्यालय रस्ता यांच्यातला दुवा झाला आहे. एकाच भागात, सारख्याच किमतीच्या घरांसमोर, जिथून पुढे निघता येते तो रस्ता गजबजतो आणि जिथून निघता येत नाही ती गल्ली निवांत राहते. अशा गल्ल्यांना पूर्वी आणखी एक संरक्षण होते: परक्या माणसाला आतली वाट माहीत नसे. मोबाइलमधल्या नकाशाने ते काढून घेतले. दोन मिनिटे वाचवणारी गल्ली आता शहरात पहिल्यांदाच आलेल्या चालकालाही सापडते. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या अनुभवावर ‘ही गल्ली शांतच आहे’ म्हणणाऱ्या जुन्या रहिवाशाचे मत खोटे नसले तरी अपुरे असते.

यावर लगेच येणारा आक्षेप असा, की गल्ल्यांची वाट लागली ती बंगले पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींमुळे. आरपार वाहतूक हे दुय्यम कारण. हा आक्षेप आकड्यांनी तपासता येतो. एक गल्ली कल्पू. तिच्यात सुमारे पाच गुंठ्यांचे, म्हणजे ५०० चौरस मीटरचे, २० भूखंड आहेत आणि प्रत्येक बंगल्यात दोन कुटुंबे, एकूण ४०. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ९ मीटर रुंद रस्त्यावर सगळे जादा चटईक्षेत्र वापरून, ढोबळ हिशेबाने, प्रत्येक भूखंडावर १५ सदनिका झाल्या असे धरू. म्हणजे ३०० कुटुंबे. प्रत्येकाकडे एक मोटार आणि एक दुचाकी, आणि प्रत्येक वाहन दिवसातून एकदा बाहेर पडून एकदा परत येते. आधी गल्लीत दिवसाला १६० फेऱ्या होत होत्या, आता १,२०० होतील. वर्दळ दुप्पट झाली की आवाजाची पातळी साधारण ३ डेसिबलने वाढते. या साडेसात पटींच्या वाढीत ती जवळपास ९ डेसिबलने वाढेल. फरक नक्की जाणवेल. पण सगळे बंगले पडले आणि सगळ्यांची पुनर्बांधणी झाली, तरी १,२०० हा आकडा अ‍ॅपलयार्डच्या कमी वर्दळीच्या रस्त्यापेक्षाही खालीच राहतो. उलट चाळीसच कुटुंबांची गल्ली दोन मोठ्या रस्त्यांना जोडली गेली, तर दिवसाला पाच-सात हजार वाहनांची सोय व्हायला तिच्यात एकही नवी वीट लागत नाही. आपली गल्ली अरुंद, दुचाक्या जास्त, हॉर्नची सवय वेगळी, त्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही. पण दोन कारणांतले मोठे कोणते हे तिच्यातून स्पष्ट दिसते.

आधार घरच्या उदाहरणांतही आहे. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सुधार ट्रस्टने दादर-माटुंग्याची योजना आखली, आणि तिच्यातून पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी उभ्या राहिल्या. तिथे बंगल्यांपेक्षा मजली इमारतींचीच वस्ती आहे. शेजारून आंबेडकर मार्गासारखा हमरस्ता जातो, दादर स्थानक चालत जाण्याइतके जवळ आहे, तरी आतल्या गल्ल्यांत शिरले की शहर मागे राहते. बार्सिलोनाचा एशाम्पला हा भाग तर युरोपातल्या दाट वस्त्यांत मोडतो. तिथे नऊ-नऊ ब्लॉकचा गट करून, आरपार जाणारी वाहतूक गटाबाहेरच्या रस्त्यांवर वळवण्याचे प्रयोग झाले. राहणाऱ्यांची संख्या कमी न करता आतले रस्ते मोकळे झाले. दाट वस्ती आणि निवांत रस्ता या परस्परविरोधी गोष्टी नाहीत.

याचा अर्थ इमारतींचा त्रास काल्पनिक आहे असा नव्हे. एक इमारत पाडून बांधायला दोन-तीन वर्षे जातात आणि गल्लीत एकामागून एक पुनर्विकास निघाले तर दशकभर ब्रेकरचा आणि मिक्सरचा आवाज सुटत नाही. झाडे जातात, ड्रेनेजवर ताण येतो, पाण्याचे टँकर सुरू होतात. हे सगळे मोजूनच घर घ्यावे. पण बांधकाम कधीतरी संपते आणि त्यात राहायला आलेले लोक शेजारी होतात. रस्ता आरपार झाला तर ते मात्र संपत नाही. म्हणून शांततेला खरा धोका जिथे आहे तिथे लक्ष द्यायचे, तर रस्त्याची रुंदी आणि रस्त्याचे टोक या दोन गोष्टी पाहायला हव्यात.

रुंदीची गोष्ट दिसायला तांत्रिक आहे, परिणामाने ती फार मोठी आहे. वर उल्लेखलेल्या नियमावलीत ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या भूखंडाला अधिमूल्य भरून मिळणारे जादा चटईक्षेत्रही नाही आणि टीडीआरही (हस्तांतरणीय विकास हक्क) नाही, मूळ १.१० चटईक्षेत्र निर्देशांकावर भागवावे लागते. रस्ता ९ मीटर झाला की हीच मर्यादा २ पर्यंत जाते आणि रुंदी वाढेल तशी ३ पर्यंत चढत जाते. २०२० मध्ये पुणे महापालिकेच्या स्थायी समितीने शहरातले ३२३ रस्ते ६ मीटरवरून ९ मीटर करण्याचा प्रस्ताव मान्य केला तेव्हा रहिवाशांत खळबळ उडाली ती यामुळे. प्रस्तावाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे होते, की अरुंद रस्त्यांवरच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास जादा चटईक्षेत्राशिवाय परवडत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. मोडकळीला आलेल्या इमारतीतल्या कुटुंबाला शेजारच्या बंगल्याची शांतता खायला घालत नाही. मात्र रुंदीबरोबर आणखी दोन गोष्टी येतात. निवासी विभागात परवानगी असलेल्या वापरांची यादी रस्ता रुंद होईल तशी लांबते, म्हणजे दुकाने, क्लास, कार्यालये आणि त्यांच्याबरोबर बाहेरचे ग्राहक येतात. आणि रुंद झालेली गल्ली गाडी काढायला सोपी जाते, म्हणून जाणाऱ्यांना ती आवडू लागते. तेव्हा विचारायचा प्रश्न ‘रस्ता रुंद होणार का’ एवढाच नाही. रुंद झालेला रस्ता दोन्ही टोकांना मोकळा आहे का, हा त्याचा दुसरा अर्धा भाग आहे.

टोकाच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबून चालत नाही. गल्लीच्या शेवटी भिंत दिसते, पण ती भिंत कशाची आहे? पलीकडे टेकडी, नदी, लोहमार्ग किंवा लष्कराची हद्द असेल तर बंद टोक बरेच दिवस टिकेल. पलीकडे नुसता मोकळा भूखंड असेल आणि विकास आराखड्यात त्यातून रस्त्याची रेघ गेली असेल, तर आजची शांतता भूसंपादन रेंगाळल्याची आहे. पुण्याच्या पालिकेत अशा तुटलेल्या तुकड्यांना ‘मिसिंग लिंक’ म्हणतात आणि ते जोडणे हे वाहतूक सुधारण्याचे अधिकृत काम समजले जाते. आराखड्यातल्या रेघा वर्षानुवर्षे निजून राहतात: शहरातल्या उच्च क्षमता द्रुतगती मार्गाची आखणी १९८७ च्या आराखड्यात झाली, तो अजून बांधला गेलेला नाही. पण निजलेली रेघ पुसलेली नसते. टेकडीसुद्धा पुरती खात्री देत नाही. विधी महाविद्यालय रस्त्यावरचा ताण कमी करण्यासाठी बालभारती ते पौड फाटा हा रस्ता टेकडीच्या अंगाने काढण्याचा वाद पुण्यात कितीतरी वर्षे चालला आहे. म्हणून सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घेताना त्याच्या जोडीने नगररचना विभागातून झोन दाखला आणि आराखड्याचा भाग नकाशा काढून घ्यावा, आणि त्यात स्वतःच्या भूखंडाबरोबर अख्ख्या गल्लीची दोन्ही टोके पाहावीत. मेट्रो स्थानक ५०० मीटरच्या आत आहे का, हेही पाहावे. त्या पट्ट्यात रुंद रस्त्यांवर ४ पर्यंत निर्देशांक मिळू शकतो.

अर्थशास्त्राच्या बाजूने इथे एक हरकत येते: बाजारात हजार डोळे असतात, त्यामुळे असा धोका किमतीत आधीच धरलेला असणार. तसे होण्यासाठी खरेदीदाराने नकाशा पाहिलेला असावा लागतो, आणि बहुतेक जण रविवारी सकाळी गल्ली पाहून भाव ठरवतात. रविवार सकाळ ही कोणत्याही रस्त्याची सगळ्यात निवांत वेळ. शिवाय मुदतीचा मेळ लक्षात घेण्यासारखा आहे. गृहकर्ज साधारण वीस वर्षांचे असते आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे विकास आराखडाही वीस वर्षांनी सुधारायचा असतो. प्रत्यक्षात हे वेळापत्रक लांबते. पुण्याचे आराखडे १९६६, १९८७ आणि २०१७ असे आले. तरी कर्जाचा शेवटचा हप्ता फेडेपर्यंत गल्लीचे भवितव्य निदान एकदा नव्याने लिहिले जाण्याची शक्यता मोठी. फ्रेड हिर्श या अर्थतज्ज्ञाने १९७६ मध्ये दाखवले होते, की काही सुखे अशी असतात जी इतरांनीही मिळवली की कमी होतात, आणि उपनगरातले घर हे त्यांतले एक. अशा सुखाची पूर्ण किंमत आज मोजायची आणि ते वीस वर्षे जसेच्या तसे टिकेल असे समजायचे, हा हिशेब बरोबर नाही. शांतता टिकण्याची कारणे पक्की असतील तर जादा पैसे द्यावेत. ती योगायोगाची असेल तर तेवढी किंमत कमी करून मागावी.

उरले दोन आक्षेप, आणि ते नैतिक आहेत. पहिला असा, की शांत गल्ली म्हणजे ओस गल्ली. रात्री परतणाऱ्या बाईला, एकट्या ज्येष्ठाला तिथे भीती वाटते, आणि सोनसाखळी चोराला ती सोयीची जाते. जेन जेकब्ज हिने १९६१ मध्ये हेच मांडले होते: रस्त्याला सुरक्षित ठेवतात ते त्याच्याकडे पाहणारे डोळे. हा आक्षेप ओस रस्त्याविरुद्ध आहे, निवांत रस्त्याविरुद्ध नाही. पाच बंगले आणि पाच उंच कुंपणे असलेल्या गल्लीपेक्षा खिडक्या-गॅलऱ्यांमधून तीनशे कुटुंबे पाहत असलेली, पण आरपार गाडी न जाणारी गल्ली अधिक सुरक्षित असते. शांतता वस्तीवर ठरत नाही हे मान्य केल्यावरच हे उत्तर देता येते.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. आपली गल्ली बंद ठेवली की तिथली वाहने मुख्य रस्त्यावर जातात, आणि मुख्य रस्त्यावरही माणसे राहतात. त्यांच्या वाट्याचा धूर आणि आवाज हा आपल्या निवांतपणाचा खर्च झाला. हे अंशतः मान्यच करायला हवे. म्हणूनच सोसायटीने सार्वजनिक रस्त्यावर स्वतःचे फाटक आणि रखवालदार बसवणे समर्थनीय नाही; रस्ता पालिकेचा आहे, चालणाऱ्याचा तो हक्क आहे. पण गाडीला आडकाठी आणि पायी माणसाला मोकळी वाट असा मधला मार्ग आहे. पुण्याच्या पेठांमधले बोळ हेच करत आले: वाड्यांमधून पलीकडच्या आळीला चालत निघता येते, मोटार शिरत नाही. रॅडबर्नने पायवाटा आखल्या त्या याच कारणाने, आणि ज्या उपनगरांनी बंद टोके घेतली पण पायवाटा वगळल्या तिथे दोनशे मीटरवरच्या दुकानालाही गाडी काढावी लागली. चालणे सोपे केले की गाड्यांच्या फेऱ्या घटतात आणि मुख्य रस्त्यावर ढकलला जाणारा भारही तेवढा कमी होतो. शिवाय गल्लीतल्या लोकांनी स्वतःच्या रस्त्यासाठी जितका आवाज उठवला तितकाच मुख्य रस्त्याच्या पदपथासाठी आणि बससाठी उठवला, तर ‘आमच्या दारात नको’ या आरोपाला उत्तर मिळते.

या सगळ्यातून घर घेणाऱ्याला एक साधा क्रम मिळतो. आधी गल्लीची दोन्ही टोके नकाशावर पाहावीत, मग तिची मंजूर रुंदी, मग परवानगीचे वापर, आणि शेवटी शेजारचे बंगले कधी पडतील ते. प्रत्यक्ष भेट कामाच्या दिवशी संध्याकाळी सहा-साडेसहाला द्यावी आणि अर्धा तास उभे राहून किती वाहने गल्लीत थांबली आणि किती नुसती निघून गेली हे वेगवेगळे मोजावे. निवासी भागासाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, पण डेसिबल मोजून कळतो तो आजचा आवाज. उद्याचा कळतो तो या मोजणीतून. आणि एकदा राहायला आल्यावर, प्रारूप आराखडा प्रसिद्ध होऊन सूचना-हरकती मागवल्या जातात तेव्हा शेजाऱ्याच्या पाचव्या मजल्याविरुद्ध अर्ज करण्याआधी रस्त्याच्या रेघेवर हरकत घ्यावी. पाचव्या मजल्यावर जे येतील त्यांना ही गल्ली शांत राहावी असे आपल्याइतकेच वाटणार आहे. पुढच्या वेळी हरकतीच्या अर्जावर त्यांच्याही सह्या मिळतील. नुसते जाणाऱ्यांच्या सह्या कधीच मिळत नाहीत.